तुमच्या मासिकाची भूमिका कोणत्या पानावर आहे?

पत्र :

सप्रेम नमस्कार. गेली दोन वर्षे मी एका कादंबरीवर काम करीत आहे. तिच्या केंद्रस्थानी डाव्या विचारांचे एक लहानसे राजकीय मासिक आहे. मासिक पूर्णपणे काल्पनिक आहे, शहराला मी मुद्दाम नाव दिलेले नाही आणि काळही मोघम ठेवला आहे. तिसऱ्या प्रकरणात मासिकाचा पहिला अग्रलेख सबंध दिला आहे. तो हस्तलिखिताची अकरा पाने भरतो. दोन मित्रांनी हस्तलिखित वाचले. एक म्हणाला, हे पत्रक झाले आहे. दुसरा म्हणाला, तू डाव्यांची टिंगल करते आहेस. मला यांतले काहीच करायचे नव्हते. माझे वडील अशाच एका नियतकालिकात काम करीत. मी स्वतः त्या विचारांची पूर्णपणे नाही. या मासिकाची संपादकीय भूमिका खरी कशी वाटेल? संपादक कसा असावा? आणि शेवटी मासिक बंद पडावे का? – एक कादंबरीलेखिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि त्यासोबत आलेले तिसरे प्रकरण मी दोनदा वाचले. प्रथम हे सांगतो की अग्रलेख वाईट लिहिलेला नाही. भाषा स्वच्छ आहे आणि त्यातला संताप खरा आहे. तरीही तुमचे दोन्ही मित्र आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि दोघांच्या तक्रारीचे मूळ एकच आहे. भांडवलशाही श्रमाच्या शोषणावर उभी आहे, कष्टकऱ्यांनी एकजूट केल्यावाचून गत्यंतर नाही, युद्धात मरतात ते गरीब आणि गबर होतात ते कारखानदार, ही तुमच्या अग्रलेखातली मुख्य विधाने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या जवळजवळ प्रत्येक डाव्या नियतकालिकाने केलेली आहेत. ज्यावर सगळ्यांचेच एकमत आहे ते कोणा एकाची भूमिका म्हणून ओळखू येत नाही. ओळख पटते ती जवळच्या माणसांशी झालेल्या मतभेदात, आणि डाव्या नियतकालिकांची सर्वांत कडू भांडणे बहुतेक वेळा शेजारच्या डाव्या नियतकालिकाशीच झालेली आहेत. तुमच्या अकरा पानांत कारखानदार आहेत, सरकार आहे, बड्या वृत्तपत्रांचे मालक आहेत; पण ज्याच्याबरोबर कालपर्यंत एका टेबलावर बसून प्रुफे वाचली आणि ज्याला आज छापील उत्तर द्यायचे आहे, असा एकही मित्र त्यांत नाही.

मी उमेदीची नऊ वर्षे अशाच एका लहान मासिकात मुद्रितशोधक म्हणून काढली. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि उत्तर लांबले तर ते त्याच कारणाने.

आधी काळाविषयी. शहराला नाव नसले तरी वाचक चालवून घेईल, परंतु साल ठरवल्यावाचून तुम्हाला एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. डाव्या मासिकाच्या आयुष्यात दर काही वर्षांनी एक तारीख अशी येते की तिच्याविषयी गप्प राहणे हीसुद्धा भूमिकाच ठरते. पहिले महायुद्ध पेटताच, ४ ऑगस्ट १९१४ रोजी जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मते दिली, आणि त्या दिवसापासून युरोपातल्या प्रत्येक समाजवादी संपादकाला आपण कोणत्या बाजूला आहोत हे सांगावे लागले. इटलीतल्या ‘अवांती’ या समाजवादी दैनिकाचा संपादक तेव्हा बेनितो मुसोलिनी होता. त्याने ऑक्टोबरमध्ये तटस्थतेपासून दूर सरकणारा लेख छापला, संपादकपद सोडले आणि १५ नोव्हेंबरला स्वतःचे युद्धवादी दैनिक सुरू केले. पुढे २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला. ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाने सप्टेंबरच्या आरंभी हिटलरविरुद्धच्या युद्धाला पाठिंबा दिला आणि ऑक्टोबरमध्ये तेच युद्ध साम्राज्यवादी ठरवले. सरचिटणीस हॅरी पॉलिट यांना पद सोडावे लागले, आणि पक्षाच्या ‘डेली वर्कर’ या दैनिकाच्या वाचकाला महिना-सव्वा महिन्यात दोन परस्परविरोधी भूमिका वाचाव्या लागल्या. जून १९४१ मध्ये हिटलरने सोव्हिएत संघावर चढाई केल्यावर पक्षाची भूमिका पुन्हा पालटली, पण तेव्हा सरकारने त्या दैनिकावर बंदी घातलेली होती.

या घटना तुमच्या कादंबरीत आल्याच पाहिजेत असे नाही. परंतु तुमची माणसे १९१० मध्ये बोलत आहेत, १९३५ मध्ये की १९७० मध्ये, यावर त्यांच्या तोंडी ‘समाजवाद’ या शब्दाचा अर्थ काय हे अवलंबून राहते. १९३५ मधला प्रामाणिक माणूस ज्या गोष्टीवर विश्वास ठेवू शकत होता, त्याच गोष्टीवर १९५६ नंतर विश्वास ठेवण्यासाठी त्याला बरेच काही डोळ्याआड करावे लागले असते. हस्तलिखितावरून मला वाटते की तुमची कथा नकळत १९५० च्या दशकात घडते आहे: सायक्लोस्टाइल यंत्र आहे, महायुद्धाच्या आठवणी ताज्या आहेत, दूरचित्रवाणीचा मागमूस नाही. तसे असेल तर माझी आग्रहाची सूचना अशी की १९५६ हे साल धरा, आणि कादंबरीचा कणा त्याच वर्षाच्या शेवटच्या तीन अंकांचा करा.

त्या वर्षी काय घडले ते थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या कामाचे बहुतेक सगळे त्यात आहे. फेब्रुवारीत सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी आपल्या कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात बंद दाराआड स्टालिनच्या गुन्ह्यांविषयी भाषण केले आणि पुढच्या काही महिन्यांत ते जगभर फुटले. ब्रिटनमध्ये ई. पी. थॉम्पसन आणि जॉन सॅव्हिल या दोन इतिहासकारांनी, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद असतानाच, जुलैमध्ये ‘रीझनर’ नावाचे सायक्लोस्टाइल केलेले नियतकालिक काढले. पक्षाच्या नियतकालिकांत जी चर्चा होऊ शकत नव्हती ती उघडपणे करावी, एवढाच त्यांचा हेतू होता. पक्षाने ते बंद करायला सांगितले. त्यांनी दुसरा अंक काढला. तिसरा अंक तयार होत असताना हंगेरीतला उठाव चिरडायला बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. तो अंक नोव्हेंबरमध्ये हंगेरीवरील संपादकीयासह निघाला, आणि त्यानंतर दोघेही पक्षाबाहेर पडले. त्याच सुमारास ‘डेली वर्कर’ने हंगेरीत पाठवलेला वार्ताहर पीटर फ्रायर जे डोळ्यांनी पाहत होता ते लिहून पाठवीत होता, आणि कार्यालयात त्या वार्ता कापल्या जात होत्या, दडपल्या जात होत्या. त्याने राजीनामा दिला आणि पक्षाने त्याला काढून टाकले. थॉम्पसन आणि सॅव्हिल यांनी १९५७ मध्ये ‘न्यू रीझनर’ काढले, आणि १९६० मध्ये ते दुसऱ्या एका तरुण नियतकालिकात मिसळून ‘न्यू लेफ्ट रिव्ह्यू’ जन्माला आले. त्याचे पहिले संपादक स्टुअर्ट हॉल.

या साऱ्यात कोठेही अकरा पानी जाहीरनामा नाही. आहे ती एक साधी, भयंकर अडचण: छपाईसाठी अंक अर्धा जुळून झाला आहे, बातमी आली आहे, आता काय करायचे? तुमच्या मासिकाच्या नोव्हेंबरच्या अंकात सोव्हिएत पंचवार्षिक योजनेची स्तुती करणारा सोळा पानांचा लेख आधीच जुळवून ठेवला आहे असे समजा. लेखक वृद्ध आहे, त्याने आयुष्यातली पाच वर्षे तुरुंगात काढली आहेत, आणि लेखातला एकही आकडा खोटा नाही. तो छापायचा का? छापला तर अग्रलेखात बुडापेस्टविषयी काय म्हणायचे? काढला तर कागदाचा हिशेब जुळवायला सोळा पाने कशाने भरायची, आणि वृद्ध लेखकाला कोण सांगायचे? या प्रश्नाचे जे उत्तर तुमच्या संपादक मंडळातली सहा माणसे देतील ती त्या मासिकाची संपादकीय भूमिका, आणि ते उत्तर तुम्हालाही लिहिण्याआधी ठाऊक नसेल तर अधिक चांगले.

यातूनच मासिकाचे पक्षाशी नाते काय हा प्रश्न निघतो. तुमच्या प्रकरणात ‘चळवळ’ हा शब्द फार वेळा येतो आणि ‘पक्ष’ एकदाही येत नाही. प्रत्यक्षात अशा मासिकांचे अर्धे आयुष्य पक्षाच्या कार्यालयाशी चाललेल्या पत्रव्यवहारात जाते. लेनिन, प्लेखानोव्ह, मार्तोव्ह आदी रशियन क्रांतिकारकांनी डिसेंबर १९०० मध्ये ‘ईस्क्रा’ हे वृत्तपत्र सुरू केले तेव्हा त्यांना विखुरलेल्या मंडळांतून पक्ष घडवायचा होता, आणि वृत्तपत्र हे त्याचे साधन होते. १९०१ च्या एका लेखात लेनिन यांनी वृत्तपत्र हा सामुदायिक प्रचारक तर असतोच, पण सामुदायिक संघटकही असतो, असे मांडले. त्या दृष्टीने पाहिले तर वार्ताहर नेमणे, अंक सीमेपार पोचवणे आणि तो हातोहात वाटणे हेच संघटनेचे काम ठरते. याउलट जर्मन समाजवादी कार्ल काउट्स्की यांनी १८८३ पासून संपादित केलेले ‘डी नॉये त्साइट’ हे पक्षाच्या छायेतले पण वैचारिक चर्चेचे व्यासपीठ होते. तिथे एदुआर्द बर्नस्टाइन यांची मार्क्सवादाचा फेरविचार करणारी लेखमाला १८९६ पासून दोन वर्षे छापून आली. पण त्याच काउट्स्कींनी १९१० मध्ये सामुदायिक संपाविषयीचा रोझा लक्झेंबुर्ग यांचा लेख छापायला नकार दिला आणि त्यांची जुनी मैत्री तिथे तुटली. एकाच संपादकाने काय छापले आणि काय परत पाठवले हे शेजारी ठेवून पाहा. कोणत्याही अग्रलेखापेक्षा त्यातून त्याची भूमिका जास्त कळते. तुमच्या कादंबरीत परत पाठवलेला एक लेख हवा, आणि तो चांगला लेख हवा.

आता त्या अग्रलेखाविषयी. तो पूर्ण काढून टाका असे मी म्हणत नाही. त्यातल्या दहा ओळी ठेवा आणि बाकीची जागा एका लहान, जमिनीवरच्या विषयाला द्या. तरुण कार्ल मार्क्स १८४२ मध्ये कोलोनच्या ‘ऱ्हाइनिश त्साइटुंग’ या वृत्तपत्रात लिहू लागले तेव्हा त्यांनी जे विषय हाताळले त्यांतला एक होता जंगलात पडलेल्या सरपणाचा. गरीब लोक पूर्वापार गोळा करीत आलेले वाळके लाकूड उचलणे ही चोरी ठरवणाऱ्या कायद्यावर प्रांतिक सभेत चर्चा झाली होती, आणि त्या चर्चेची त्यांनी ओळीओळीने चिरफाड केली. पुढे १८५९ मध्ये त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की अशा प्रश्नांमुळेच आपल्याला प्रथम आर्थिक बाबींकडे वळावे लागले. ‘मालमत्ता म्हणजे काय’ या विषयावर अकरा पाने वाचताना वाचक दमतो; वाळकी काटकी कोणाची, हा प्रश्न त्याला अंथरुणातही सोडत नाही. तुमच्या मासिकाच्या पहिल्या अंकात अशी एखादी काटकी शोधा.

हे सांगताना मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे, कारण ती या विषयाच्या गाभ्याशी आहे. आमच्या मासिकात एकदा एका संपकरी कामगाराची मुलाखत आली होती. अंक निघाल्यावर चार दिवसांनी तो कार्यालयात आला, अंक माझ्या टेबलावर उघडून ठेवला आणि एका ओळीखाली बोट धरले. शाई आणि वंगण नखांत मुरलेले ते बोट मला आजही दिसते. तो मुलाखतीत म्हणाला होता, ‘‘मुकादम आम्हाला लघवीलासुद्धा विचारून जायला लावतो, आणि घड्याळ काढून उभा राहतो.’’ आम्ही छापले होते, ‘व्यवस्थापनाने श्रमिकांच्या मूलभूत मानवी प्रतिष्ठेचे उल्लंघन आरंभले आहे.’ तो रागावलेला नव्हता. म्हणाला, ‘‘वाक्य चांगलं आहे साहेब. पण हे वाचून मुकादमाला कसं कळणार, की हे त्याच्याविषयी आहे?’’ ते वाक्य मी बदलले होते. मला वाटले होते की मी त्याला मान देतो आहे.

इटलीतल्या तुरिनमध्ये १ मे १९१९ रोजी मार्क्सवादी विचारवंत अंतोनियो ग्राम्शी आणि त्यांच्या तीन मित्रांनी ‘लॉर्दिने नुओवो’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढच्याच वर्षी ग्राम्शींनी त्याच्या पहिल्या अंकांविषयी अतिशय कठोरपणे लिहिले: ते अंक म्हणजे केवळ एक संकलन होते, कोठेही निघू शकले असते असे. मग त्यांनी आणि त्या मित्रांपैकी तोग्लियात्तींनी १९१९ च्या जूनमध्येच मासला बदलला, कारखान्यांतल्या अंतर्गत समित्यांचा प्रश्न हाती घेतला, आणि कामगारांना ते साप्ताहिक आपले वाटू लागले, कारण त्यात त्यांना स्वतःचाच एक अंश सापडत होता. असा आरोप कोणा विरोधकाने केला असता तर त्याकडे दुर्लक्ष करता आले असते. तो संपादकाने स्वतःच्या अंकांवर केला, म्हणून मी त्याला एवढे महत्त्व देतो. तुमच्या कादंबरीतल्या पहिल्या अंकाचा हाच दोष असू द्या. म्हणजे तुमच्या अकरा पानांचेही सार्थक होईल: ती छापली जातील, कोणी वाचणार नाही, आणि सहा जणांपैकी एकाला, बहुधा सर्वांत धाकट्याला, ते उमगेल.

मासिकाचा कारभार कोणाच्या हाती आहे हेही ठरवा. न्यूयॉर्कचे ‘द मासेस’ हे समाजवादी मासिक १९११ मध्ये सुरू झाले. त्याची मालकी लेखक-चित्रकारांच्या सहकारी गटाकडे होती आणि काय छापायचे ते बैठकीत हात वर करून ठरत असे. ही पद्धत फार सुंदर, पण १९१६ मध्ये तिथेही फूट पडली. चित्रांखाली संपादकांनी राजकीय ओळी घालाव्यात की नाही यावरून जॉन स्लोन आणि आणखी काही चित्रकार बाहेर पडले. चित्रकाराला वाटत होते की आपले चित्र पुरेसे बोलते. लिहिणाऱ्यांना वाटत होते की ओळीवाचून ते अपुरे आहे. कला आणि प्रचार यांवर तुम्ही कितीही पाने लिहिलीत तरी एका चित्राखालच्या दीड ओळीवरून झालेले भांडण जेवढे सांगून जाईल तेवढे ती पाने सांगणार नाहीत.

पैशाचा उल्लेख तुमच्या प्रकरणात एकाच वाक्यात आहे, ‘कसेबसे भागत होते’. हे पुरेसे नाही. अमेरिकेतले ‘मंथली रिव्ह्यू’ हे समाजवादी मासिक मे १९४९ मध्ये निघाले, पहिल्याच अंकात आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा समाजवादाचे समर्थन करणारा लेख होता, आणि ते निघू शकले कारण एफ. ओ. मॅथिसन या साहित्यसमीक्षकाने तीन वर्षे दरवर्षी ५००० डॉलर देण्याचे कबूल केले होते. दुसऱ्या टोकाला ‘एन्काउंटर’ आहे. १९५३ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या, कम्युनिस्टविरोधी डाव्यांना आणि उदारमतवाद्यांना जवळ करणाऱ्या या प्रतिष्ठित मासिकाचा पैसा अमेरिकी गुप्तहेर खात्याकडून वळणावळणाने येत होता, हे उघड झाल्यावर १९६७ मध्ये संपादक स्टीफन स्पेंडर यांना राजीनामा द्यावा लागला. इतकी वर्षे लिहिणाऱ्या कितीतरी प्रामाणिक लेखकांना ते ठाऊक नव्हते. तुमच्या मासिकाला दर महिन्याला एका अनामिक हितचिंतकाकडून काही रक्कम येते, एवढे एक वाक्य पेरा आणि पुढे त्याचे काय होते ते पाहा. तो हितचिंतक वाईटच निघाला पाहिजे असेही नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्याकडे लेखकांचे लक्ष जात नाही. नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेखाली बारीक टायपात एक ओळ असते: ‘या अंकातील लेखकांच्या मतांशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही.’ सामान्य मासिकात ही ओळ कोणी वाचत नाही, डाव्या मासिकात तिच्यावरून माणसे दुरावतात. मुखपत्रात ती ओळ असूच शकत नाही, कारण तिथे छापलेले प्रत्येक वाक्य पक्षाचे असते. जे स्वतःला व्यासपीठ म्हणवते त्याने ती अभिमानाने छापायला हवी. आमच्या मासिकात मी रुजू झालो तेव्हा ती नव्हती. सहाव्या वर्षी एका लेखापुरती ती त्या लेखाच्या तळाशी आली, आणि लेखकाने विचारले की मग इतर सर्व लेखांशी तुम्ही सहमत आहात का. या प्रश्नाला उत्तर नव्हते. पुढच्या अंकापासून ती ओळ अनुक्रमणिकेखाली गेली आणि कायम राहिली. ती तिथे नेण्यासाठी तीन बैठका झाल्या आणि एका संस्थापक सभासदाने मंडळ सोडले. अशी एक ओळ कादंबरीच्या आरंभी नसावी आणि शेवटी असावी. मधल्या सगळ्या प्रकरणांचे काम तेच.

संपादक कसा असावा असे तुम्ही विचारले आहे. हस्तलिखितातला तुमचा संपादक कधीच चुकत नाही, आणि तुमच्या दुसऱ्या मित्राला टिंगल वाटली ती बहुधा यामुळेच. इतका निर्दोष माणूस छापील पुतळ्यासारखा दिसतो. १९३७ मध्ये ‘न्यू स्टेट्समन’ या ब्रिटिश डाव्या साप्ताहिकाचे संपादक किंग्जली मार्टिन यांनी स्पेनच्या यादवी युद्धातून परतलेल्या जॉर्ज ऑर्वेल यांचा लेख नाकारला. बार्सिलोनात प्रजासत्ताकाच्या बाजूच्याच कम्युनिस्टांनी इतर डाव्यांवर केलेल्या दडपशाहीविषयी तो होता. बंडखोर सेनानी फ्रँकोशी लढणाऱ्या प्रजासत्ताकाला त्यामुळे धक्का बसेल, असे मार्टिन यांना वाटले. ऑर्वेल यांनी त्यांना कधी क्षमा केली नाही. माझ्या मते मार्टिन चुकले, आणि गंभीरपणे चुकले. पण त्या वर्षी त्या खुर्चीत बसून तो निर्णय घेणारा माणूस भेकड किंवा विकला गेलेला नव्हता, एवढे मला मान्य करावेच लागते. तुमच्या संपादकाला असा एक नकार देऊ द्या. नाकारलेल्या लेखकाचे म्हणणे वाचकाला पटले पाहिजे, आणि संपादकाचे कारणही वाचकाच्या मनात रेंगाळले पाहिजे.

त्याच वेळी अशा माणसांची निष्ठा कमी लेखू नका. जर्मनीत क्लारा झेटकिन यांनी कष्टकरी स्त्रियांचे ‘डी ग्लाइशहाइट’ १८९२ पासून पंचवीस वर्षे चालवले. काउट्स्कींनी ‘डी नॉये त्साइट’ चौतीस वर्षे चालवले. पक्षनेतृत्वाच्या युद्धकाळातल्या धोरणाला विरोध केल्यामुळे १९१७ मध्ये दोघांच्याही हातून ती नियतकालिके काढून घेण्यात आली. चौतीस वर्षे ज्या टेबलावर लेख तपासले ते टेबल सोडून जाण्याचे दृश्य लिहायला कोणत्याही तत्त्वज्ञानाची गरज लागत नाही.

तुम्ही स्वतः त्या विचारांच्या पूर्णपणे नाही, याची तुम्हाला थोडी अपराधी जाणीव आहे असे पत्रावरून वाटते. ती सोडून द्या. पूर्ण सहमत असलेल्या लेखकाकडून पत्रक होण्याचा धोका जास्त असतो. मात्र एक पथ्य पाळा: ज्या युक्तिवादाशी तुम्ही सहमत नाही तो तुमच्या पात्राच्या तोंडून शक्य तितक्या बळकटपणे मांडा. सर्वांचे उत्पन्न समान असावे की नाही हा प्रश्न कादंबरीत आला, तर समानतेची बाजू मांडणारा माणूस तुम्हाला स्वतःला निरुत्तर करील असा लिहा. टिंगल टाळण्याचा दुसरा कोणताही मार्ग माझ्या अनुभवात नाही. वडील हयात असतील तर त्यांना त्यांची मते विचारू नका, ती तुम्हाला ठाऊक असतीलच. अंक निघायच्या आदल्या रात्री ते हातांनी काय करीत असत ते विचारा. पत्त्याच्या पट्ट्या कोण चिकटवीत असे, खळ कोण शिजवीत असे, कोणत्या वर्गणीदाराचा अंक नेहमी परत येत असे, आणि तरीही यादीतून त्याचे नाव कोणी खोडू देत नसे. वडील नसतील तर त्यांचे जुने अंक काढून त्यांतला वाचकांचा पत्रव्यवहार वाचा. अग्रलेखात मासिक आपल्याला कसे दिसायला हवे ते लिहिते. आपला वाचक कोण आहे ते त्याला पत्रव्यवहारात कळते, आणि पुष्कळदा ते त्याला नको असलेले उत्तर असते.

राहिला शेवटचा प्रश्न. मासिक बंद पडावे का? पडू द्यायला हरकत नाही. अशी बहुतेक मासिके बंदच पडली आहेत. परंतु ती कशी बंद पडतात ते पाहा. मार्क्स संपादक असलेल्या ‘नॉये ऱ्हाइनिश त्साइटुंग’चा १९ मे १८४९ चा अखेरचा अंक सबंध लाल शाईत छापला गेला, कारण सरकारने मार्क्स यांना हद्दपारीचा हुकूम दिला होता आणि वर्तमानपत्र चालवणे अशक्य झाले होते. ‘द मासेस’चा शेवट कायद्याच्या कात्रीत झाला. १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याचा आधार घेऊन टपाल खात्याने त्याचा ऑगस्टचा अंक स्वीकारायला नकार दिला, आणि नंतर त्या अंकाच्या टपालात खंड पडला म्हणून हे नियमित नियतकालिकच नव्हे, असे ठरवून त्याची टपालाची सवलत काढून घेतली. संपादकांवर १९१८ मध्ये दोनदा खटला चालला आणि दोन्ही वेळा ज्यूरीचे एकमत झाले नाही. तोवर संपादक मॅक्स ईस्टमन आणि त्यांची बहीण क्रिस्टल यांनी दुसऱ्या नावाने नवे मासिक सुरूही केले होते.

तुमच्या मासिकाला लाल शाई शोभणार नाही, कारण त्याच्यावर कोणी बंदी घातलेली नाही. त्याचे वर्गणीदार कमी होत गेले आहेत आणि सहांपैकी चार जण एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून शेवटचे दृश्य हिशेबाच्या वहीवर घडवा. मासिक मध्येच थांबते तेव्हा वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेल्यांचे पैसे शिल्लक राहतात, आणि ते परत करायचे की त्यांच्या संमतीने दुसऱ्या एखाद्या मासिकाकडे वळवायचे हे ठरवावे लागते. ज्या शेजारच्या मासिकाशी तुमची माणसे अठरा वर्षे भांडली, ते उरलेले अंक विनामूल्य पाठवायला तयार आहे असे पत्र आले आहे. संपादक ते पत्र मोठ्याने वाचतो, मग वर्गणीदारांची यादी पुढे ओढतो आणि पहिल्या नावापासून एकेकाला विचारणारी पत्रे लिहायला बसतो.